पांढऱ्या बटेचा माग

माझ्या थोरल्या आत्याच्या कपाळावर, भांग जिथून सुरू होतो नेमक्या त्या ठिकाणी, केसांची एक बट जन्मापासून पांढरी होती. बाकीचे केस काळेभोर आणि दाट, त्यांत ही रुपेरी रेघ, आणि तिच्या मुळाशी कपाळाच्या वरच्या भागात त्रिकोणी आकाराचा एक फिकट डाग, जो ती डोक्यावरचा पदर किंचित पुढे ओढून झाकत असे. गुडघ्यांवरही तसेच डाग होते, पण ते कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. बट मात्र लपत नव्हती. तिला पाहायला आलेली तीन स्थळे चहापोहे घेऊन परत गेली आणि नंतर मध्यस्थाकडून एकच निरोप आला, की मुलीला कोड आहे. ते कोड नव्हते. कोडाचे डाग पुढे केव्हातरी उमटतात आणि बहुधा पसरतात. आत्याचा डाग जन्माच्या दिवशी जेवढा होता त्याच प्रमाणात शरीराबरोबर वाढला, त्याने आपली हद्द कधी ओलांडली नाही. पण हा फरक समजून घेण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता.

घरात या डागाचे कारण ठरलेले होते. आत्या पोटात असताना ग्रहण लागले, आजीने ते पाळले नाही, विळीवर बसून काहीतरी चिरले, आणि त्याची खूण बाळाच्या कपाळावर उठली. शेजारणी हे बोलत, नात्यातल्या बायका बोलत, आणि माझ्या मनाला सर्वांत अधिक लागणारी गोष्ट अशी की आजीसुद्धा तेच मानत होती. मुलीच्या प्रत्येक नकाराबरोबर ती स्वतःला दोष देत राहिली. पुढे आत्याचे लग्न झाले, तिला दोन मुलगे झाले आणि धाकटा तीच बट घेऊन जन्माला आला. त्याच्या वेळी आत्याने ग्रहण अक्षरशः अंधाऱ्या खोलीत बसून काढले होते, आणि ती हे पुन्हा पुन्हा सांगत असे; तरीही आजीच्या मनातील अपराधाची भावना गेली नाही.

या बटेचे खरे कारण मला एका उंदराने सांगितले, आणि ते समजायला मला बरीच वर्षे लागली.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात जात असे. तिथले पिंजरे स्वच्छ करणारे, भुसा बदलणारे आणि प्रत्येक उंदीर चेहऱ्याने ओळखणारे एक वयस्कर मामा होते. एके दिवशी त्यांनी एका काळ्या उंदराला शेपटीच्या मुळाशी धरून माझ्यासमोर उचलले आणि म्हणाले, "ताई, हे बघा, याच्या पोटावर पांढरा पट्टा आहे आणि कपाळावर टिळा." मी बघतच राहिले. डोळ्यांच्या मधोमध, थोडा वर, केसांचा एक शुभ्र पुंजका होता. त्या क्षणी मला आत्या आठवली हे सांगण्याची गरज नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी ते सांगितले तेव्हा त्यांनी उलट प्रश्न विचारला, "या उंदरात जे जनुक बिघडले आहे, त्यातून तयार होणारे प्रथिन शरीरात काय काम करीत असेल, असे तुला वाटते?" मी म्हणाले, केसांना रंग देण्याचे. त्या म्हणाल्या, "मग ज्या पिल्लांत या जनुकाच्या, आईकडून एक आणि बापाकडून एक अशा आलेल्या, दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, ती जन्मल्यावर थोड्याच दिवसांत का मरतात, ते शोधून ये."

तो प्रश्न घेऊन मी ग्रंथालयात गेले, आणि खरे सांगायचे तर आजही मी त्यातून पूर्णपणे बाहेर आलेली नाही.

प्रथिन शरीरात काय करते हे त्याला विचारता येत नाही. ते पेशीत असते, इतर हजारो प्रथिनांच्या गर्दीत असते आणि सगळे सुरळीत चाललेले असताना त्याचे असणे कळतसुद्धा नाही. आमच्या आजीचेही तसेच होते. ती घरात असताना ती नेमकी काय काय करते हे कुणी मोजले नव्हते. ती पंधरा दिवस तीर्थयात्रेला गेली तेव्हा दुधाला विरजण लागले नाही, तुळशीजवळ दिवा लागला नाही, गाईने वैरण तोंडात घेतली नाही आणि धाकट्या काकांचा ताप कुणाच्या लक्षातच आला नाही. तिच्या गैरहजेरीने तिच्या कामांची यादी आमच्यासमोर ठेवली. जनुकातील बिघाड नेमके हेच करतो. एखादे प्रथिन मुळातून नाहीसे झाले किंवा अधू झाले, की ते जिथे जिथे लागत होते तिथे तिथे काहीतरी अडते, आणि अडलेल्या जागांवरून त्याच्या कामाचा माग काढता येतो.

आता उंदरांकडे येते. हौशी लोक पाळत असलेल्या रंगीबेरंगी उंदरांमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचे उंदीर फार पूर्वीपासून माहीत होते. त्यांतील एका अनुवंशिक प्रकाराला, पांढऱ्या रंगासाठीच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून, 'डब्ल्यू' असे नाव पडले. नाव ठेवणाऱ्यांना जे दिसले ते त्यांनी नावात घातले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण त्या एका अक्षरामुळे पुढची कित्येक वर्षे हे जनुक रंगाचे जनुक म्हणूनच ओळखले गेले. बिघडलेली एकच प्रत असलेला उंदीर ठिपक्यांचा असतो, बाकी धडधाकट असतो. अशा दोन उंदरांचा संकर केला, की सरासरीने दर चार पिल्लांपैकी एकाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. हे चौथे पिल्लू जन्मतःच पांढरेफटक असते, आणि ते केवळ केस नसल्यामुळे किंवा रंग नसल्यामुळे नव्हे, कारण बाकीची बिनकेसांची पिल्ले गुलाबी लालसर दिसतात. त्याच्या अंगात रक्तच पुरेसे नसते. 1927 साली सोफी डी ॲबर्ले यांनी या पिल्लांच्या रक्तक्षयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या जुन्या मराठीत रक्त कमी पडण्याला पंडुरोग म्हणत; कातडीवरचा पांढरेपणा आणि रक्ताअभावी येणारा फिकेपणा एकाच जागी उतरलेला या पिल्लांत पाहिला, की तो शब्द मला फार वेगळ्या अर्थाने आठवतो.

या बिघाडाचे काही सौम्य प्रकारही सापडले, ज्यांत दोन वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या तरी उंदीर जगतो. तो काळ्या डोळ्यांचा, पूर्ण पांढरा असतो, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असतात, आणि त्याला पिल्ले होत नाहीत. रंग, रक्त आणि प्रजनन या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध असावा? याच कोड्यापाशी एलिझाबेथ रसेल आयुष्यभर बसल्या. अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर या एका बेटावरच्या, समुद्रकाठच्या गावी 1929 साली क्लॅरेन्स कुक लिटल यांनी जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली होती. 1937 मध्ये रसेल तिथे आल्या. 1947 च्या ऑक्टोबरात त्या बेटावर वणवा पेटला, प्रयोगशाळा आणि तिथले जवळजवळ सगळे उंदीर जळून गेले, आणि पूर्वी या प्रयोगशाळेने ज्यांना उंदीर पाठवले होते त्या ठिकठिकाणच्या संशोधकांनी त्याच उंदरांची वंशावळ परत पाठवून वसाहत पुन्हा उभी करायला मदत केली. ती वसाहत नव्याने बसवण्याच्या कामात रसेल अग्रभागी होत्या. जे जनुक आपण जपून ठेवतो ते कागदावर ठेवता येत नाही, जिवंत उंदरांच्या पिढ्यांमध्येच ते ठेवावे लागते, हे त्या आगीने जितके कठोरपणे दाखवले तितके दुसऱ्या कशाने दाखवले असते असे मला वाटत नाही.

1957 साली बिअट्रिस मिंट्स आणि रसेल यांनी गर्भातल्या जननपेशींचे पूर्वज एका रंगद्रव्याने उठून दिसतील असे करून मोजले. हे पूर्वज गर्भाच्या बाहेरच्या पिवळ्या बलकाच्या पिशवीपाशी दिसू लागतात, तिथून आतड्याच्या भिंतीतून चालत जाऊन पुढे जिथे अंडाशय किंवा वृषण होणार त्या जागी पोहोचतात, आणि वाटेत त्यांची संख्या पुष्कळ वाढते. 'डब्ल्यू'च्या दोन बिघडलेल्या प्रती असलेल्या गर्भात ते निघतात, पण त्यांची संख्या वाढत नाही. थोडेसेच मुक्कामाला पोहोचतात. रंगपेशींचे पूर्वजही असेच प्रवासी आहेत. ते गर्भाच्या पाठीच्या रेषेवर, ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो त्या मज्जानलिकेच्या माथ्यावर जन्मतात आणि कातडीखालून दोन्ही बाजूंनी पोटाकडे, पुढे कपाळाकडे आणि हातापायांच्या टोकांकडे पसरत जातात. ते संख्येने कमी पडले तर सगळ्यात लांबच्या जागा रिकाम्या राहतात, आणि त्या जागा म्हणजे पोटाचा मध्य आणि कपाळ. रक्ताच्या मूळपेशीही गर्भात एका जागी राहत नाहीत. त्या यकृतात वसतात आणि नंतर हाडांच्या मज्जेत जातात. तेव्हा या तीन गोष्टींना जोडणारा धागा रंग हा नव्हता, रक्त हाही नव्हता. ज्या पेशींना दूर जायचे आहे, वाटेत जगायचे आहे आणि संख्येने वाढायचे आहे, त्यांना हे प्रथिन लागत होते.

यानंतरचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून तिथे जरा थांबते. 'डब्ल्यू'च्या उंदरांसारखाच दिसणारा, म्हणजे रंग, रक्त आणि प्रजनन तिन्ही बिघडलेला दुसराही एक वंश सापडला होता, ज्याचे वर्णन 1956 साली प्रसिद्ध झाले. एकच प्रत बिघडलेल्या उंदरांचा रंग पोलादासारखा करडा, म्हणून त्याचे नाव 'स्टील'. लक्षणे जवळजवळ तीच, पण जनुक वेगळे, वेगळ्या गुणसूत्रावरचे. दोन निरनिराळ्या जागी झालेल्या बिघाडांतून एकच चित्र का उमटावे? उत्तर मिळाले ते मज्जा एका उंदरातून दुसऱ्या उंदरात घालून. निरोगी उंदराची मज्जा 'डब्ल्यू'च्या उंदरात घातली की त्याचा रक्तक्षय बरा होतो, आणि त्यासाठी त्याच्या स्वतःच्या मज्जेवर किरणांचा मारा करावा लागत नाही, कारण नव्याने आलेल्या सुदृढ पेशींसमोर तिथल्या दुबळ्या पेशी टिकतच नाहीत. 'स्टील'च्या उंदरात मात्र कितीही चांगली मज्जा घातली तरी काही फरक पडत नाही. आणि आता उलट करून पाहिले: 'स्टील'च्या आजारी उंदराची मज्जा 'डब्ल्यू'च्या उंदरात घातली, आणि तो बरा झाला.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळते. एका शेतात बियाणे पोचट आहे आणि जमीन कसदार. दुसऱ्या शेतात बियाणे उत्तम आणि जमीन खारवट. दोन्ही शेते उजाडच दिसतात, आणि नुसते बांधावर उभे राहून पाहणाऱ्याला त्यांतला फरक सांगता येणार नाही. पण पहिल्या शेतात दुसरे बी पेरले की ते उगवते. टोरँटो येथे जेम्स टिल, अर्नेस्ट मॅकलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 आणि 1965 साली हेच मज्जा टोचल्यावर प्लीहेत, म्हणजे पोटातील पाणथरीत, उगवणाऱ्या पेशींच्या गाठी मोजून दाखवले. 'डब्ल्यू'ची मज्जा दुसऱ्या उंदराच्या प्लीहेत गाठी तयार करीत नव्हती; 'स्टील'ची मज्जा करीत होती, फक्त स्वतःच्या घरात तिला थारा नव्हता. तेव्हा 'डब्ल्यू'चे प्रथिन प्रवास करणाऱ्या पेशीच्या अंगावर असले पाहिजे आणि 'स्टील'चे प्रथिन ती पेशी जिथून जाते वा जिथे वसते तिथल्या शेजाऱ्यांकडून येत असले पाहिजे, हे अनुमान त्यावेळी, दोघांपैकी एकही प्रथिन कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसताना, निव्वळ उंदरांवरून काढता येत होते. मला याचे आश्चर्य आजही कमी झालेले नाही.

प्रत्यक्ष प्रथिन सापडायला 1988 उजाडले, आणि ते सापडले अनपेक्षित वाटेने. मांजरांना होणाऱ्या एका कर्करोगाच्या विषाणूत पीटर बेस्मर आणि सहकाऱ्यांना 1986 साली एक जनुक मिळाले होते, जे विषाणूने कधीकाळी मांजराच्याच पेशीतून उचललेले होते. त्याचे नाव त्यांनी 'किट' ठेवले. या जनुकाचे उंदरातले रूप उंदराच्या पाचव्या गुणसूत्रावर नेमके तिथेच निघाले जिथे 'डब्ल्यू' होता. 'किट' हे पेशीच्या आवरणात आरपार बसलेले ग्राही प्रथिन आहे: बाहेरचा भाग संदेश झेलतो आणि आतला भाग तो पेशीत पोहोचवतो. 1990 साली एकाच सुमारास अनेक प्रयोगशाळांनी त्याचा संदेशही ओळखला, आणि तो संदेश तयार करणारे जनुक म्हणजे 'स्टील' होते. पंचवीस वर्षांपूर्वी बी आणि जमीन म्हणून जे सांगितले गेले होते, ते ग्राही आणि संदेश या रूपात समोर आले.

पण नुसते प्रथिन मिळाले म्हणून उंदरांचे काम संपले नाही, उलट ते अधिक बारीक झाले. 'डब्ल्यू'चे अनेक प्रकार वर्षानुवर्षे जपून ठेवलेले होते, आणि आता प्रत्येकात प्रथिनाचा कोणता भाग बिघडला आहे हे वाचता येऊ लागले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या दुव्यांची साखळी; सुमारे 975 दुव्यांच्या या साखळीत 660 व्या जागी थ्रिओनिन या दुव्याऐवजी मेथिओनिन आले, एवढ्याने तो सौम्य, जगणारा प्रकार तयार होतो. दुसऱ्या एका प्रकारात 790 वी जागा बदलते. तिथे प्रथिन पेशीच्या आवरणावर व्यवस्थित उभे असते, पण त्याचा आतला भाग संदेश पुढे देत नाही. गंमत अशी, की प्रथिन मुळीच तयार न होण्यापेक्षा हा बिघाड अधिक वाईट ठरतो. 'किट' एकेकट्याने काम करीत नाही. संदेश आला की दोन रेणू जोडीने उभे राहतात. निम्मे रेणू नसले तर उरलेल्या निम्म्यांच्या जोड्या तरी चांगल्या होतात. पण निम्मे रेणू बिघडलेल्या अवस्थेत हजर असतील, तर चारांपैकी तीन जोड्यांत एक तरी अधू जोडीदार येतो आणि ती जोडीच निकामी होते. म्हणून असा उंदीर एकच प्रत बिघडलेली असूनही बराच पांढरा होतो. 'स्टील'च्या एका प्रकारात तर संदेशाचे प्रथिन तयार होते, पण त्याला पेशीच्या आवरणात रोवून ठेवणारा भाग गळालेला असतो, त्यामुळे ते सुटे होऊन वाहून जाते. उंदीर जगतो, पण तरीही पांढरा, रक्तक्षयी आणि वांझ राहतो. पुष्कळ पेशींना हा संदेश वाऱ्यावर सोडलेला चालत नाही, शेजारणीने जागेवर उभे राहून, हात धरून सांगितलेला लागतो, हे या एका उंदराशिवाय कळले नसते.

यादी अजून लांबली. जपानमध्ये ओसाका येथे युकिहिको कितामुरा यांनी 1978 साली दाखवले, की 'डब्ल्यू'च्या जगणाऱ्या उंदरांच्या कातडीत मास्ट पेशी, ज्या खाज, सूज आणि ॲलर्जीच्या वेळी आपली द्रव्ये सोडतात, नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी असतात, आणि निरोगी मज्जा घातली की त्या परत येतात. कानाच्या आत शंखाकृती भागातही रंगपेशी असतात, आणि तिथे त्यांचे काम रंग देण्याचे नसून ध्वनीच्या पेशींना लागणारा विद्युतभार टिकवण्याचे असते. म्हणून यांतले काही उंदीर बहिरे असतात. 1992 साली जपानमध्येच नवजात उंदरांना 'किट'ला अडवणारी प्रतिपिंडे टोचली गेली आणि त्यांच्या आतड्यांची हालचाल बिघडली. आतड्याच्या भिंतीत काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी आहेत, ज्यांचे काम फार काळ वादात होते. त्या 'किट'शिवाय नीट घडत नाहीत, आणि त्या नसल्या की आतड्याला लय देणारे विद्युत तरंग उठत नाहीत. पोटावरच्या ठिपक्यापासून निघालेला माग पोटाच्या आत आतड्यांपर्यंत पोहोचला होता.

इथे एका सावधगिरीची नोंद करणे मला आवश्यक वाटते, कारण या पद्धतीवर माझे प्रेम आहे आणि ज्यावर प्रेम असते त्याच्या मर्यादा आपणच सांगाव्यात. मास्ट पेशी नसलेले उंदीर हाती आल्यावर संशोधकांनी अनेक आजारांत त्यांचा उपयोग केला. एखादा आजार या उंदरांना होत नाही असे दिसले, की मास्ट पेशी हे त्याचे कारण, असा निष्कर्ष निघे. सांध्यांच्या सुजेबाबत असेच ठरले होते. पण 2011 साली हायडेलबर्ग येथील संशोधकांनी 'किट'ला हात न लावता फक्त मास्ट पेशी नाहीशा केलेले उंदीर तयार केले, आणि त्या उंदरांचे सांधे नेहमीसारखेच सुजले. म्हणजे आधीच्या उंदरांत सूज न येण्याचे कारण मास्ट पेशींचा अभाव हे नव्हते; 'किट' नसल्यामुळे त्यांच्या रक्तात आणि इतर पेशींत जे बदल झाले होते त्यांत ते कुठेतरी दडलेले होते. आजी यात्रेला गेल्यावर घरात जे जे बिघडले ते सगळे विरजण न लागल्यामुळे बिघडले, असे म्हणण्यासारखी ही चूक होती. याच्या उलट दिशेचीही एक अडचण आहे: आजी नसताना माझी काकू गुपचूप तिची दोन-तीन कामे करून टाकीत असे, आणि आम्हाला वाटे की ती कामे कुणीच करीत नव्हते. हवे ते जनुक निकामी करून उंदीर घडवण्याची पद्धत 1989 च्या सुमारास हाती आली, जिच्यासाठी मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना 2007 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पद्धतीने केलेल्या उंदरांपैकी कितीतरी वरवर अगदी सामान्य निघाले, कारण नाहीशा केलेल्या प्रथिनाचे काम दुसरे एखादे उचलत होते.

आणि आता आत्याकडे. 1991 साली माणसांतील पायबाल्डिझम या अवस्थेत 'किट' जनुकाचे उत्परिवर्तन सापडले. कपाळावर पांढरी बट, तिच्याखाली फिकट त्रिकोण, पोटावर आणि गुडघ्यांवर डाग, जन्मापासून असलेले, न पसरणारे, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. आत्याची जनुकीय तपासणी आम्ही केली नाही. पण पुढे एका त्वचारोगतज्ज्ञांनी तिला आणि तिच्या धाकट्याला समोर बसवून पाहिले आणि हेच नाव सांगितले, आणि दोन मुलांपैकी एकाला बट असणे यात मला कोणतेही ग्रहण दिसेनासे झाले. तिची एक प्रत बिघडलेली, दुसरी चांगली. त्या चांगल्या प्रतीने तिच्या रक्ताला पुरवले, तिच्या दोन मुलांना पुरवले, आतड्यांना पुरवले. फक्त पाठीकडून कपाळाकडे निघालेल्या रंगपेशींचा जथा शेवटच्या दोन-चार बोटांवर कमी पडला. ज्या अवस्थेला लोक रोग म्हणत होते ती तिच्या जन्माआधीच्या एका वाटचालीची खूण होती.

'किट' कमी पडले तर काय होते हे उंदरांनी सांगितले. ते अति झाले तर काय होते हे माणसांच्या एका कर्करोगाने सांगितले. जठर आणि आतड्यांच्या भिंतीत होणाऱ्या काही गाठी पूर्वी स्नायूंच्या समजल्या जात. 1998 साली सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की त्यांतील बहुतेक गाठी काहालच्या पेशींशी नाते सांगणाऱ्या असतात आणि त्यांतील 'किट' संदेश आलेला नसतानाही अखंड चालू राहिलेले असते. या संशोधनामागे पुन्हा ओसाकाचे कितामुराच होते, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी उंदरांच्या कातडीत मास्ट पेशी मोजल्या होत्या; उंदराचा ठिपका आयुष्यभर पाहत आलेल्या माणसाला ही गाठ ओळखता यावी, हे मला स्वाभाविक वाटते. रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार झालेले इमॅटिनिब हे औषध 'किट'लाही अडवते, म्हणून 2000 साली हेलसिंकीत अशी गाठ असलेल्या एका स्त्रीला ते देण्यात आले आणि तिची गाठ आक्रसली. जिथे शस्त्रक्रिया पुरेशी नव्हती आणि नेहमीची केमोथेरपी चालत नव्हती, तिथे गोळ्या मिळाल्या.

त्याच कुळातले सुनिटिनिब नावाचे आणखी एक औषध आहे. ते चार आठवडे घ्यायचे आणि दोन आठवडे थांबायचे, अशी त्याची एक रीत आहे. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या केसांत आडवे पट्टे उमटतात: औषध चालू असतानाचा केस पांढरा उगवतो, थांबवल्यावरचा काळा, पुन्हा पांढरा, पुन्हा काळा. 'किट'ला अडवले की रंग थांबतो आणि सोडले की परत येतो, हे मोठ्या माणसाच्या केसावर ओळीने लिहिलेले वाचता येते. हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ज्यांना जगवायला औषध देतात, त्यांचे केस माझ्यासारखे होतात?" मी म्हणाले, हो, काहींचे होतात.

आजी त्याआधीच गेली होती. तिला हे सांगायला मिळाले नाही याची खंत मला आहे, आणि ती जाईल असे वाटत नाही. उंदरांविषयीही एक खंत आहे. जी पांढरीफटक पिल्ले आठवड्याभरात गेली, त्यांच्यावाचून यातले काहीच कळले नसते. मामा अशा पिल्लांना वेगळे करताना कुणाशी बोलत नसत, आणि मी त्यांना त्याविषयी कधी विचारले नाही.

आत्या आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. डोक्यावरचे सगळे केस पांढरे झाल्यामुळे बट त्यांत मिसळून गेली आहे, आणि नव्याने भेटणाऱ्या कुणालाही ती कधी होती हे कळणार नाही. गेल्या दिवाळीत मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा तिने विचारले, "कुठे होती गं ती? मलाच आता सापडत नाही." केसांवरून मलाही सांगता आले नाही. मग मी भांग थोडा मागे सारला, आणि तिथे, उन्हातान्हात इतकी वर्षे काढलेल्या तिच्या गव्हाळ कपाळाच्या वरच्या कडेला, तो फिकट त्रिकोण जसाच्या तसा होता. मी तिचा हात धरून तिचे बोट त्यावर ठेवले.